समोरच्या दारातले पेपर

काय म्हणालास? परत म्हण – ‘विश्वासार्ह आवाज’? म्हणजे मी! तुमच्या त्या कार्यशाळेत उभं राहून मी सांगायचं, मोबाइलच्या जमान्यात सैन्यानं अफवांशी कसं लढावं – आणि तेही हेलिकॉप्टर पडून पंधरवडा झाला नाही तोवर? बस रे मकरंद, उठतोस कुठे, कॉफी स्वल्पच दिलीय, तेवढी संपव. जनसंपर्क अधिकारी म्हणून बंगळुरात आलास तेव्हा पहिली कॉफी याच खुर्चीत प्यायलास. सैन्याच्या बातम्या करता करता माझे केस पिकले, तुझ्याआधीच्या साहेबांशी कडाकडा भांडले – ते बातमी दाबायचे, फोन आपटायचे – पण खोटं? खोटं कुणी सांगितलं नाही मला. तू सांगितलंस. पडलेल्या हेलिकॉप्टरच्या धुराचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, मी तुलाच विचारलं – विचारलं की नाही? – आणि तू म्हणालास, ‘ताई, जुना आहे, परदेशातला आहे, तुम्ही लिहा, लोक तुमचं ऐकतात.’ लिहिलं. पेपरच्या साइटवर, माझ्या नावानं. संध्याकाळी तुम्ही तुमची ‘व्हिडिओ खोटा’वाली पोस्ट पुसलीत आणि श्रद्धांजलीची टाकलीत. माझं कुठे पुसणार? लोकांनी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तुला तेव्हा माहीत होतं? कपात काय बघतोस, माझ्याकडे बघ. – होतं. सरी, ठीक आहे. कळलं.

लोकांच्या शिव्यांचं काही नाही रे, शिव्या मी पचवते. पण समोरच्या फ्लॅटमध्ये हेमलताक्का राहते. मैत्रेयीची आई – हो, तुमची पायलट, तीच. व्हिडिओ बघून ती अनवाणी धावत आली, इथे, या दारात. मी म्हटलं, अक्का, खोटा आहे, मी खात्री केलीय, तो फोन बंद कर आधी आणि चल, दोन घास खा. तिनं केला बंद. मी वाढलं, ती जेवली – हसलीसुद्धा, म्हणाली, तू आहेस म्हणून बरं. आणि तिकडे हॉस्पिटलमधून तिलाच फोन लावत होते. मैत्रेयी शुद्धीवर होती तोवर. आईला विचारत होती. हॉस्पिटल काही लांब नाही, रिक्षानं गेलो असतो तर – जाऊ दे. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला कशाला सांगतेय?

नको, समजावू नकोस. वरून आदेश होता, गोंधळ होता – असेल सगळं. दुसरा आवाज शोध. अक्का मला दार उघडत नाही. माझी बातमी वाचल्याशिवाय चहा न घेणारी बाई – आता तिच्या दारात पेपर पडून असतात, एकावर एक, घडीसुद्धा न मोडलेले.

जा तू. आणि जाताना त्या पेपरांवर पाय देऊ नकोस.