फोटूतली पाठ

आमचं मूळ गाव पन्हाळ्याच्या खाली, पर माझा जन्म कोल्हापुरातला, आन् दहाव्या वर्षापासनं म्हशीच्या कुशीला बसतोय, आता अठ्ठावन्न लागलं. सांजचं म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा, हे आमचं काम. चरवी गुडघ्यात धरून उकिडवं बसायचं, पाठ दुखणारच की.

वरीसभर दुखल्यावर लेक म्हनली, आबा, फोटू काढू. राजारामपुरीत गेलतो, त्या नळकांड्यात घातलं मला, नुसता धाडधाड आवाज, आन् रिपोर्ट आला, मणक्याच्या दोन गाद्या झिजल्यात, त्यातली एक भाईर आलीया. काय सांगू तुम्हाला, चालत गेलतो, येताना धरून आणलं. दुखणं तेवढंच हुतं, पर भ्या बसलं. त्यात मी फोटू कट्ट्यावर नेला, हे चुकलं. कास बघून दूध सांगणारी माणसं ती, फोटू उजेडात धरून माझी पाठबी तशीच सांगाय लागली. एक म्हनला, वाकलास तर पाय जातील. मी दोन म्हयनं खाटंवर.

हरणी, आमची म्हस, लय मानी. माझ्याबिगर कुणाला धार देत न्हाय. बायको बसली, लेक बसली, पेंड ठेवली, रेडकू सोडलं, तरी पान्हा चोरायची. आटत चालली. बायको म्हनली, म्हशींच्या हेडीला बोलवू, इकून टाकू. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात थोरला भाऊ गाडीवरनं पडला. त्यो हमाल, गुळाचं रवं, म्हंजे अख्ख्या ढेपा, खांद्यावर वाहतोय. हाडाच्या दवाखान्यात नेला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्येच्याबी पाठीचा फोटू काढला, मोडलंबिडलं न्हाय, पर गाद्या तीन झिजलेल्या, माझ्यापरास एक जादा! मी म्हनलं, दादा, पाठ कवा दुखती? त्यो म्हनला, का दुखंल?

मग बाईंना माझा फोटू दाखवला. त्यांनी आधी मलाच बघितलं, वाकवलं, पायातला जोर बघितला, मुंग्या येत्यात का, लघवीचा तरास हाय का इचारलं, आन् म्हनल्या, ह्या वयात लय जणांच्या फोटूत असं दिसतंय, न दुखणाऱ्यांच्याबी. तुमचं दुखणं खरं हाय, पर पडून राहू नका, हळूहळू कामाला लागा. मी म्हनलं, हे आधी कोण का बोललं न्हाय? त्या म्हनल्या, तुम्ही इचारलं कुणाला, कट्ट्याला?

दुसऱ्या दिशी हरणीपाशी गेलो. उकिडवं जमंना, बुटकं स्टूल घेतलं. तिनं मान वळवून बघितलं, मी कासंला हात लावला, आन् चरवीत धार वाजली. बायको दारात उभी हुती, ती आत निघून गेली, डोळं पुसत.

आता रोज बसतोय. अजून दुखतंय, थंडीत जास्त. दुखू दे. हेडी येतोय, दूध पिऊन जातोय. तुम्हीबी बसा पावणं, न पिता जायचं न्हाय, तुमच्या म्होरंच काढतो. देव तुमची पाठ ताठ ठेवू दे.