घरातला आवाज

कानाची मशीन बसवतात तिथे मी नंबराची वाट बघत बसलो होतो. आत एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि मशीन बसवणाऱ्या बाई. दार उघडंच होतं.

“आजोबा, येतंय ऐकू?”

“येतंय की! पंख्याची कुरकुरसुद्धा येतेय.”

“छान. आता दादा, तुम्ही मागे उभे राहून बोला. घरी रोज बोलता तसंच. त्यावरून मी आवाज कमी-जास्त करते.”

“काय बोलू?”

“रोजचंच काहीतरी.”

“बाबा... जेवलात का?”

“आलं ऐकू, आजोबा?”

“आलं. पण बाई, हा आमच्या घरातला आवाज नाही.”

“बाबा! काहीतरीच काय बोलता!”

“हां, हा जरा जवळचा.”

“बाबा, चारचौघांत कशाला...”

“चारचौघांत आहोत म्हणून तर जेवलात का विचारलंस. बाई, एक सांगा. ते मघाचं ‘जेवलात का’ या मशीनमध्ये साठवून ठेवता येतं का?”

“नाही हो आजोबा. समोरचा जे बोलेल, तेवढंच यात ऐकू येतं.”

“मग काढा ती. डबीतच बरी आहे.”