कचऱ्याची जागा आणि बाहेरचे सर

तुम्हाला सांगतो, आमचे सरपंच कुणाला फुकट शाल-नारळ देत नाहीत. म्हणून ग्रामसभेला त्यांनी शहरातल्या विश्रामबागेतून नीतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणले, तेव्हाच मला वास आला. मी कॉलेज सोडलंय, अक्कल नाही.

विषय होता गावाचा कचरा कुठं टाकायचा. सरपंचांना जागा हवी होती आमच्या मेंढपाळांच्या वस्तीवर, पिण्याच्या विहिरीला लागून.

सर म्हणाले, "जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल, तो निर्णय योग्य."

"ऐकलं का?" सरपंच लगेच उठले. "वस्तीवरनं आल्यात चार म्हाताऱ्या आन् ह्यो पोरगा. बाकी सगळं गाव. करा हात वर!"

"थांबा," मी म्हणालो. "सर, आमची वस्ती दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात जाती, आत्ता तिकडंच हाय. सगळ्यांना ठाऊक हाय. मग सभा आत्ताच का?"

"मोठ्यांत तोंड घालू नगंस रं!" हे माझे सख्खे चुलते, तात्या. सरपंचांशेजारी खुर्ची मिळाल्यापासून यांना वस्ती दिसतच नाही.

"आवं तात्या, तुमच्या घरातबी त्याच विहिरीचं पाणी हाय न्हवं?"

सर चपापले. "मग ते परत आल्यावर घ्या की सभा. काय बिघडतं?"

सरपंच तोंड उघडायच्या आत तात्याच कळवळले, "आवं सर, मग जास्तीत जास्त तेच व्हत्यात की!"

सभा तहकूब झाली. विहीर सरांच्या तत्त्वज्ञानानं वाचली नाही, माझ्या बोलण्यानंही नाही. तात्यांना खोटं बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून वाचली.