दोघांपुरती बोली

(भिंगार, १९४६चा हिवाळा. प्रभुदास मास्तरांच्या घराची ओसरी, दिवस कलायला आलेला. दया ही मास्तरांची बायको. मरिया ही मास्तरांची थोरली बहीण, मास्तरांच्या जुळ्या मुलांपैकी वर्षभर तिच्याकडे राहिलेल्या योसेफला घेऊन आज दुपारच्या गाडीने देवळाली प्रवरेहून आलेली.)

मरिया : ओढू नगंस त्याला, दया. बसू दे असाच माज्या पदराला धरून. आपसूक येईल.

दया : ओढत नाहीये, वन्सं. गूळ-भाकरी दाखवत होते नुसती. सकाळपासून पोटात काही नसेल त्याच्या.

मरिया : गाडीत ऊस खाल्लाय त्यानं. उपाशी न्हाई. नवं घर हाय, बुजलाय.

दया : नवं घर? याच ओसरीवर रांगलाय तो.

मरिया : व्हय गं. तोंडातनं गेलं माज्या. त्याला नवं वाटत आसंल, आसं म्हनायचं हुतं. बेनू कुटं गेला?

दया : खाटेखाली. योसू येणार, योसू येणार म्हणून चार दिवस नाचत होता. टांगा दारात थांबला आणि हा जो आत पळाला तो अजून बाहेर आला नाही. त्या बघा, टाचा तेवढ्या दिसतात.

मरिया : मला वाटलं हुतं, बगितल्या बगितल्या गळ्यात पडतील. जुळी पोरं, एका पोटातनं आलेली. अन् पाव्हन्यागत करत्यात.

दया : मी एकाच कापडाची दोन अंगडी शिवून ठेवलीत. सारखी. आता योसूला त्याचं बसेलसं दिसत नाही. चांगला वाढलाय तुमच्याकडे.

मरिया : शेळीचं दूध हाय, गूळ हाय. रानात माज्यामागं हिंडतो दिसभर. उसाच्या पाचटात लोळतो अन् मग रातीला अंग खाजतं म्हून रडतो.

दया : वन्सं, एक विचारू? तिकडे तो त्यांची ती बोली बोलतो का अजून? एखादा शब्द तरी?

मरिया : कोनती? ती चिमन्यांची?

दया : तीच. 'गिमा' म्हणजे पाणी. 'बाबला' म्हणजे शेजारच्यांची कोंबडी. लष्कराचा संध्याकाळचा बिगुल वाजला की 'टुटू', आणि बिगुलानंतर मी दिवा लावते म्हणून दिवाही 'टुटू'च. बिगुल वाजला की दोघं हातातलं टाकून दाराशी धावायची. आणि 'डिडा'.

मरिया : डिडा म्हंजी योसेफ का बेनू?

दया : दोघंही. हा त्याला डिडा म्हणायचा, तो ह्याला. आणि स्वतःला म्हणायचं झालं तरी डिडाच. एक पडला की दोघं गुडघा धरून बसायचे आणि 'डिडा, डिडा' करून रडायचे. लागलंय कुणाला ते मला हातपाय तपासून बघावं लागायचं.

मरिया : पैल्यांदा बोलायचा की. गोठ्याच्या भितीकडं तोंड करून बसायचा. कायबाय सांगायचा अन् मग गप ऱ्हायचा, कोन जवाब देतंय का बगायचा. शेळी ओरडली की तिच्याकडं मान करायचा. मग पुना भितीकडं. हळूहळू बंद झालं. ईस्टरच्या सनाला मी हिकडं आले तवा सांगितलं न्हवतं का तुमास्नी?

दया : सांगितलंत.

मरिया : त्याला संगट आनू का इचारलं तर मास्तर म्हनला, नको, सवय मोडंल. शेजारच्या झुंबरबाईकडं ठिवून आले मी त्याला.

दया : ते मोठ्यानं म्हणाले, मी मनात म्हणाले. एवढाच फरक.

मरिया : तू? तू कशाला म्हनशील?

दया : त्याच आठवड्यात बेनू मला पहिल्यांदा 'आई' म्हणाला होता. वन्सं, त्या दोघांच्या बोलीत मला शब्दच नव्हता. पाण्याला होता, बिगुलाला होता, कोंबडीला होता. आईला नव्हता. भूक लागली तरी एकमेकांना सांगायचे आणि मग दोघं मिळून माझ्याकडे नुसते बघायचे, मी भाकरी करणारी कुणी बाई असल्यासारखे. आळीतली बाकीची लेकरं वर्षाची झाली की आई, आई करतात. मी नळावर गेले की ऐकत उभी राहायची.

मरिया : पोटच्या पोरांचा हेवा वाटला व्हय गं तुला?

दया : वाटला. म्हणून योसूला न्यायचं ठरलं तेव्हा रडले खरी, पण आडवी आले नाही. आडवी आले असते तर ह्यांनी ऐकलं असतं.

मरिया : मला तरी काय बोलायला तोंड हाय? धनी गेल्यापास्नं घर खायला उटायचं. पोरगं घरात आलं अन् चूल पेटवावीशी वाटाय लागली. एक दिस ते मला आई म्हनलं. 'आत्या म्हन' आसं त्याला सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं.

दया : इकडे बेनू भाकरी मोडायचा. अर्धी खायचा आणि अर्धी त्या कोनाड्यात ठेवायचा. रोज. मुंग्या लागायच्या, मी काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी परत अर्धी तिथंच. मग पावसाळ्यात एक दिवस त्यानं अख्खी खाल्ली. हे म्हणाले, बघ, सुधारला. आणि मी हसले हो. मी हसले.

मरिया : गप. डोळं पूस. मास्तर आला बग शाळंतनं.

प्रभुदास : सलाम, आक्का. प्रवासात त्रास नाही ना झाला? कुठे आहेत आमचे योसेफराव? अरे वा. उंची वाढली. बाळ, तुझं नाव काय?

मरिया : सांग लेकरा. भिऊ नगंस. शिकिवलंय तसं सांग.

प्रभुदास : 'योसेफ परभुदास.' ऐकलंस, दया? बापाच्या नावासकट सांगितलं. गेल्या नाताळात पाळकसाहेबांनी ह्याच ओसरीवर विचारलं, तर दोघंही 'डिडा' म्हणाले होते. सारी मंडळी हसली होती.

दया : हसली तर हसली.

प्रभुदास : मास्तरच्या मुलांना हसली. जी बोली तिसऱ्या माणसाला कळत नाही, ती बोली नव्हे, दया. तो गोंगाट. उद्या शाळेत बसली असती तर काय झालं असतं? माझ्या बिगारीच्या, अगदी लहानांच्या वर्गात दोन मुलं सारखी कुजबुजतात तेव्हा मी दुसरं काय करतो? बाक बदलतो. बोलणारा उठवायचा, ऐकणारा जागेवर ठेवायचा. थोड्याच दिवसांत दोघंही फळ्याकडे बघायला लागतात.

मरिया : म्हून योसेफला उटिवलास.

प्रभुदास : तो अधिक बोलायचा.

दया : आणि त्याचं बाक टाकलंत देवळालीला. शाळेत मधली सुट्टी होते हो. घंटा झाली की वेगळी बसवलेली पोरंसुद्धा पटांगणात एकमेकांच्या गळ्यात हात टाकून पळतात. आपल्या पोरांची घंटा तुम्ही वाजवलीच नाहीत.

प्रभुदास : आज वाजवली ना. आणला ना त्याला. बन्यामीन, ये बाहेर. ये बरं. हा बघ कोण आलाय. धर त्याचा हात. योसेफ, तूही धर. हां, असं. अरे, सोडला का?

मरिया : दुसऱ्यानं धरायला लावल्याला हात किती येळ टिकनार, परभुदासा?

दया : नावं ठेवतानाच कळायला हवं होतं. पवित्र शास्त्रातल्या योसेफाला घर सुटतं आणि त्याचा भाऊ बन्यामीन बापापाशी राहतो.

प्रभुदास : शास्त्रात ते दोघं पुन्हा भेटतात, दया.

दया : भेटतात. मानेला मिठी मारून रडतात. आपले बघा. एक खाटेच्या पायाला धरून उभा, एक वन्संच्या पदराला.

मरिया : अजून उबाच का रे तू, परभुदासा? खाली बस. टोपी काड.

प्रभुदास : शाळेतून येताना कोपऱ्यावर माझा पाय थबकतो, आक्का. रोज. तिथपर्यंत यांचा कलकलाट ऐकू यायचा. त्या वेळी राग यायचा मला. आता बेनू दारात येतो, 'सलाम, बाबा' म्हणतो. स्वच्छ म्हणतो, वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा स्वच्छ. आणि मला पुढे त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही. मी 'सलाम' म्हणतो आणि टोपी खुंटीला लावतो.

दया : मला कधी बोलला नाहीत हे.

प्रभुदास : काय बोलणार? तू 'आई' ऐकून खूष होतीस.

मरिया : अरं, मग मला तरी सांगावा धाडायचा. उलट्या पावली आनलं आसतं मी त्याला.

प्रभुदास : बाक बदलल्यावर मास्तर परत बदलत नाही, आक्का. मुलं मग जुमानत नाहीत. एवढंच येतं मला. तेच मी घरात वापरलं.

मरिया : टांगा आला वाटतं. सांजच्या गाडीचं बोलून ठिवलं हुतं मी. दया, तू त्याला आत घिऊन जा, भांडी दाव, मांजर दाव. मी मागल्या दारानं सटकते. रडंल घटकाभर.

दया : मागल्या वेळीही असंच नेलंत ना? झोपेत.

मरिया : मास्तरच म्हनला हुता. झोपल्यालं ने, म्हंजी रडायचं न्हाई.

प्रभुदास : म्हणालो होतो.

दया : जागा झाला असेल तेव्हा काय बघितलं असेल त्यानं? शेजारी डिडा नाही, ही ओसरी नाही, मी नाही. आणि कुणाला विचारावं तर त्याची बोली कुणाला येत नाही. आज तुम्ही मागल्या दारानं गेलात तर परत तेच. त्याच्या लेखी आज त्याची आई जाईल.

मरिया : दया...

दया : तुम्हीच आई आहात आता त्याची. मी म्हणते म्हणून ती मी होत नाही. राहा तुम्ही, वन्सं.

मरिया : कुटवर?

दया : तो आपणहून पदर सोडेपर्यंत.

मरिया : तुज्या घरात, तुज्या म्होरं मला आई म्हनंल तो. सोसंल तुला?

दया : नाही सोसणार. तरी राहा.

मरिया : अन् माजी शेळी? झुंबरबाई एक दिस बगंल, दोन दिस बगंल. रोज कोन तिला पाला घालनार?

प्रभुदास : मी उद्या शाळेत रजा मागतो आणि देवळालीला जाऊन शेळी घेऊन येतो.

मरिया : तू? शेळी? दावं कसं धरत्यात ते तरी म्हाईत हाय का? सगळ्या भिंगारात हसं हुईल तुजं.

प्रभुदास : होऊ दे. मास्तरला लोक हसले की काय होतं ते बघू तरी. मी टांगेवाल्याला परत पाठवतो.

मरिया : त्याला म्हनावं, दुपारी टांग्यातच ऱ्हायलेलं गोनपाट तेवडं उतरून ठीव. पोराची वाकळ हाय त्यात.

दया : थांबा, थांबा. कुणी बोलू नका. बिगुल.

मरिया : आगं, त्यानं मान वर केली.

प्रभुदास : वर्षभर कानावर नव्हता त्याच्या.

मरिया : दया, पदर सोडला त्यानं.

दया : दाराकडे निघाला. बेनूही निघाला. हलू नका हो, तसेच उभे राहा. बघा, पूर्वी असेच उभे राहायचे. उंबऱ्याच्या आत, खांद्याला खांदा लावून. योसू डाव्या अंगाला, बेनू उजव्या. तसेच उभे राहिलेत.

प्रभुदास : तू बोल. तुला येते त्यांची बोली.

दया : मला कुठली येते. ऐकून ऐकून चार शब्द. योसू, बेनू, काय वाजतंय रे? टुटू ना? डिडाचा टुटू ना?

मरिया : बगत्यात नुसती तुज्याकडं.

दया : टुटू, बाळांनो. म्हणा ना. टुटू.

प्रभुदास : बेनूचे ओठ हलले. काय म्हणाला?

मरिया : 'बिगुल' म्हनला. अन् योसेफ बी म्हनला त्याच्या मागनं. 'बिगुल.'

प्रभुदास : दोघंही स्पष्ट म्हणाले.

दया : हो. आता कुणालाही कळेल.