बाळशेटचं राखीव कुरण

मंडळी, मला एक सांगा — दान दिलं, देणारा वारला. आता त्या दानावर हुकूम कुणाचा? मेलेल्याचा, की भुकेल्याचा? ऐका तर!

एका संस्थानात मोहगाव नावाचं खेडं. तिथल्या बाळशेटनं गावोगाव माल वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यातल्या बैलांसाठी कुरण दान दिलं. मोठं मन! पण वर दगड रोवला. दगडावर चंद्र-सूर्य — म्हणजे ते आहेत तोवर दान चालायचं — आणि खाली गाढव! दुसरं गुरू चारून दान मोडील त्याला शापाची शिवी. कसली? अहो, समोर मायबहिणी बसल्यात, पुढचं विचारू नका!

तीन पिढ्या गेल्या. आगगाडी आली, तांडे बंद झाले. बैल नाहीत, पण कुरण राखीव! बाळशेटचा पणतू नागोशेट — सज्जन, देवभोळा — दरसाल गवत कापी, गंजी रची, आणि गुढीपाडव्याला जाळून टाकी. का? तर दुसऱ्याच्या गुराच्या तोंडी लागू नये!

हसताय? हसा. पुढं दुष्काळ पडला. गावची गुरं पटापट मरू लागली. शेजारची भिवराबाई पदर पसरून म्हणाली, "शेट, एक पेंढी द्या हो! गाईला चार दिवस काडी नाही."

"वैनी, माझं असतं तर दिलं असतं. पणजोबांचा शब्द आहे. मोडला तर पोरांना शाप लागंल!"

त्याच साली राजानं कायदा केला — ज्या दानाला घेणारा उरला नाही, ते तशाच जवळच्या कामी वळवावं. मात्र सांभाळणाऱ्यानं अर्ज करावा. गावानं अर्ज लिहून आणला. नागोशेट सही करीना! "राजाचं काय जातंय? शाप मला भोगायचाय."

पाडवा उजाडला. त्यानं गंजीला चूड लावली — आणि बघतो तर काय? भिवराबाईची गाय कुंपण मोडून आली, नुसता हाडांचा सापळा, आणि पेटत्या गवतात तोंड घातलं! तोंड भाजतंय, तरी ओढतेय!

नागोशेट धावला. उपरण्यानं आग झोडपली, हात पोळले. रडतच दगडापुढं बसला. "पणजोबा, तुम्ही भूक बघून दान दिलंत. मी भूक विसरलो, दगड सांभाळला! शाप द्यायचा तर मला द्या, पोरांना नको."

पोळलेल्या बोटांनी सही केली. अर्धी गंजी वाचली, गावची गुरं जगली. ती गाय मात्र गेली, मंडळी. कायदा वेळेवर आला होता. माणूस उशिरा आला.

आता तुमचं बोलू. दान देताना लिहून ठेवता — शेत विकू नका, देणगी अमक्याच्याच पोरांना — आणि तेही कायमचं! अरे, उद्याचा पाऊस कळत नाही, अन् शंभर वर्षांचा हुकूम सोडता? द्या, आणि हात मागे घ्या!

आणि ज्यांच्या ताब्यात असलं कुलूपबंद दान आहे — ट्रस्टी पहिल्याच रांगेत बसलेत, दिसतात मला! — त्यांनी कीर्तन संपलं, टाळ थांबले म्हणून झोपायला जाऊ नये. आधी दानाचा कागद काढावा, अर्जावर सही करावी. नाम मग घ्या!