तनूचे सात फॉर्म

—नाय नाय, उठू नका, बसा की. माझाच मेसेज होता तो. ‘खालि या दोन मीनट बोलाचं हाय’ — वाचून वाटलं असंल, कुण्या लहान पोराच्या हातात फोन पडला. माफ करा. शुद्धलेखन माझं असंच आहे, नववीत शाळा सोडली ती सोडली, आणि बोलणं पण साधंच, त्यात तुमच्यासमोर तर दोन शब्द जुळत नायत. सकाळपासून मनात सगळं नीट मांडून ठेवलं होतं, आता जिना उतरता उतरता सांडलं. श्रेया — नाव घेतलं तर चालंल ना? बरं. वर कुणी विचारलं नाय ना, कुठं चाललीस म्हणून? विचारणार तरी कोण. तुमचे तात्या आणि आमचे अण्णा साड्यांच्या ढिगापुढं गादीवर लोडाला टेकून बसलेत, आणि तुमची आई नि माझी आई आमच्या तनूच्या खांद्यावर एक पदर टाकतात, काढतात, दुसरा टाकतात, म्हणतात हा खुलतो, हा खुलत नाय — ती कशी बसली होती, बघितलंत? एवढी गप्प ती तापात पण नसती. — नाय फारूखभाई, चाय नको, आत्ताच झाली. हाँ हाँ, जाता हूँ ऊपर. — दुकानदार आहेत. आल्यापासून चिडवतात, ‘दुल्हे मियाँ, साडी दुल्हन की है, पसीना तुमको क्यों आ रहा?’ म्हणतात. त्यांना काय माहीत.

आधी एक विचारतो, रागावू नका. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ह्या साट्यालोट्याचं म्हणतो मी. तनू तुमच्या भावाला, इंद्रजीतला द्यायची, तुम्हाला माझ्यासाठी घ्यायचं, एका मांडवात दोन लग्नं, देणं नाय घेणं नाय. — मान हलवली म्हणजे नाय. मला पण नाय विचारलं. म्हणजे विचारलं असतं तर मी व्हय म्हटलं असतं, ते वेगळं, ते सोडा. पण विचारलं नाय. इंद्रजीतलाही विचारलं नसंल, तो बैठकीत सगळा वेळ चपलेचा पट्टा काढत-लावत होता. तनूला विचारलं, पण उत्तर आधी देऊन मग विचारलं.

तुमच्या देवगावची ती बैठक आठवा. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हिरव्या ड्रेसवर — जाऊ द्या. तात्यांनी विचारलं, पोरगी एमएस्सी झाली, आता पुढं काय? अण्णा म्हणले, पीएचडी करायची म्हणती. तात्या म्हणले, ‘म्हणजे डॉक्टर व्हायची आणि साधं इंजेक्शन द्यायला यायचं नाय, असली कसली डॉक्टर?’ सगळे हसले. मी पण हसलो. तनू म्हणली, ‘तात्या, तुमच्या रानातलं अद्रक जमिनीतच सडतं ना, ते का सडतं ते शोधणारी डॉक्टर.’ मग कुणी हसलं नाय. पण खरं सांगतो, तात्यांना राग नाय आला, मोठ्या मनानंच म्हणले, ‘शिकू दे की! आम्ही काय जुन्या वळणाचे नाय. पण फॉर्म भरायचा एकच. इथल्याच विद्यापीठाचा. सकाळी जायचं, दिवे लागायच्या आत घरी. हैदराबाद-फैदराबाद, बंगलोर-फंगलोर चालायचं नाय. दुसरा फॉर्म भरला, तर दोन्ही सोयरिकी मोडल्या समजा.’ आणि आमच्या घरी काय आनंद झाला म्हणता! परत येताना गाडीत अण्णा चारदा म्हणले, शिकू द्यायलेत, लग्नानंतर शिकू द्यायलेत, असली माणसं कुठं मिळतात? — नाय, मी तात्यांना नावं ठेवत नाय. तुमचे वडील आहेत. चांगलंच म्हणले ते. पण श्रेया, एक म्हणजे कायच नाय ना.

म्हणजे कसं? सांगतो. मला पण आधी कळत नव्हतं. मला वाटायचं एक फॉर्म भरला की एक पीएचडी मिळती, सात भरले की सात मिळतात, मग एवढ्या घेऊन करायचंय काय? तसं नसतं. तिच्या कॉलेजच्या मॅडम म्हणल्या, सगळी पोरं सहा-सात ठिकाणी भरतात, तेव्हा कुठं एखाद्या ठिकाणी लागतं, कधी लागत पण नाय. कारण गाईड लागतो, आणि गाईडकडं जागा रिकामी लागती. आणि इथं तिच्या विषयाच्या एकाही गाईडकडं यंदा जागा नाय. एकाही नाय. म्हणजे तिनं इथला एक फॉर्म भरायचा, तिकडून नकार येणार, मग सगळे म्हणणार, आम्ही तर परवानगी दिली होती बाई, तुझ्याच नशिबात नव्हतं. हे तनूला माहीत, मला माहीत. तिसऱ्या माणसाला नाय — आता तुम्हाला. अण्णांना सांगायचं तर अण्णांनी ऐकायला तर पाहिजे. त्यांना ‘एक’ ऐकू येतं, आणि बरं वाटतं.

तिनं सात फॉर्म अर्धे भरून ठेवले होते. फी शिकवण्या घेऊन तिनंच भरली. राहिलं होतं शेवटचं बटण. आणि ते बटण दाबलं की एक नंबर येतो, तो टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाय — आणि तो नंबर येतो अण्णांच्या फोनवर. आता हसताय, हसा. दहावीपासून प्रत्येक फॉर्मवर अण्णांचाच नंबर, घरात फोनच एक होता, मग तीच सवय. तिला स्वतःचा फोन आला तरी हात अण्णांचाच नंबर लिहितो. अण्णांचा फोन अण्णांच्या खिशात. म्हणजे सगळा रस्ता वडलांच्या खिशातून.

काल मी पहिली पाळी करून आलो, शेंद्र्याच्या कंपनीतून, संध्याकाळचे साडेपाच-सहा असतील. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. म्हणली, ‘दादा, उद्या शेवटची तारीख आहे. किती ठिकाणी भरू?’ मी म्हटलं, मला काय विचारतीस? मी नववीतला माणूस. मला तर शाळेची धास्तीच होती, त्यात गणिताच्या सरांची जास्तच, म्हणून सोडली. लोक म्हणतात बहिणीसाठी सोडली. कुणी असं म्हटलं की मी गप्प बसतो, बरं वाटतं ऐकायला. पण तनूला खरं माहीत आहे. तरी ती म्हणली, ‘तू एक म्हण, मी एक भरते. सात म्हण, सात भरते. पण म्हणायचं तूच.’ मी चिडलो. म्हटलं, माझ्या गळ्यात कशाला घालतीस? तर तिनं कपड्यांची घडी घालायची थांबवली आणि म्हणली, ‘कारण लग्न तुझं पण मोडंल. मी एकटीनं कसं ठरवू?’

खाली जेवताना आई म्हणली, एकच भर म्हण रे तिला. तुझं वय बघ. आता आई काय चूक बोलती का? माझं कसं आहे तुम्हाला माहितंय. मुलीचे वडील येतात, विचारतात परमनंट का? कंत्राटात. बारावी? नववी. शेती? आहे, पण नावाला. मग चहा गार व्हायच्या आत त्यांना दुसरीकडं जायचं असतं. एकजण तर आमच्या अंगणात उभं राहूनच फोनवर म्हणले, ‘नाय, इथं काय दम नाय.’ मी दोन हातांच्या अंतरावर होतो, पाणी घेऊन. त्यामुळं तुमच्या घरून निरोप आला तेव्हा मला — म्हणजे आधी वाटलं, साटंलोटं आहे, नाइलाजानं देत असतील. पण मग तुम्ही दारात उभ्या होत्या, आणि तनूनं अद्रकाचं म्हटलं तेव्हा सगळे गप्प झाले, तुम्ही एकट्या हसला. ओढणी धरून, पण हसला. मला दिसलं. आणि परत आल्यावर मी मिस्त्रीला बोलावून स्वयंपाकघराचा ओटा खाली करून घेतला. आईला उंच होता तो कायमचा, कधी केला नाय. तुमची उंची दाराच्या कडीवरून धरली होती मी मनात, तेवढाच — हे सांगायचं नव्हतं. हे सांगायला नव्हतं बोलावलं मी. तुम्ही ऐकलंच नाय असं समजा.

— हां, आलो आई! पाचच मिनिटं! — पैठणी बघायला बोलावतात. मला कळतं का त्यातलं.

तर आज सकाळी. अण्णा आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ आणि मग पूजा, बराच वेळ जातो. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तनू केस विंचरत होती, इथं यायचं म्हणून. मी फोन काढून हातात घेतला. ती आरशातूनच म्हणली, ‘किती?’ आकडा काय मला बोलता आला नाय, श्रेया. एक पण नाय आणि सात पण नाय. मी म्हटलं, ‘तू बटण दाब. नंबर मी वाचतो.’ तिनं कंगवा तसाच केसांत ठेवला आणि लॅपटॉप उघडला. पहिला नंबर आला, वाचला. दुसरा आला. आतून अण्णा, ‘कुणाचा फोन रे सारखा?’ मी म्हटलं, ‘जाहिराती हो अण्णा!’ त्या गडबडीत एक नंबर चुकीचा वाचला, परत मागवावा लागला. आमच्या दोघांत बोलणं तेवढंच. नुसते आकडे. आणि शेवटचा वाचून मान वर केली, तर अण्णा दारात. कपाळाला गंध लावलेलं, आणि कधीपासून उभे होते देव जाणे. मी फोन त्यांच्या हातात दिला. इंग्रजी नाय येत त्यांना, पण एकाखाली एक किती मेसेज आले ते दिसतं की माणसाला. बघितलं. तनूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणले, ‘गाडी घेऊन ये. पाहुणे शहागंजात दुकानापाशी थांबले असतील.’ बस्स. तिथं मी बोलायला पाहिजे होतं. अण्णा, आता कशाला जायचं, म्हणायला पाहिजे होतं. नाय म्हटलं. शेजारच्या कडुबाभाऊंची गाडी मागून आणली, आईला पुढं बसवलं, आणि सगळ्यांना घेऊन इथं आलो. अण्णा वर पदर निवडायलेत, जसं काय झालंच नाय. तनू पदर अंगावर घेती. मी पण वर बसून ‘छान आहे, छान आहे’ म्हणत होतो. कुणीतरी बोललं पाहिजे, आणि कुणीच बोलत नाय.

— काय? — व्हय, सातही गेले. — मग तुम्हाला कशाला सांगतो? कारण हे तुमच्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तोंडून गेलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की मला तुम्ही नको होता. एवढंच. दुसरं काय नाय. मी तुमचा शब्द मागत नाय, आणि माझ्यासाठी थांबा असं पण म्हणत नाय.

हा तात्यांचा आवाज. तुम्हाला हाक मारतात, शालू अंगाला लावून बघायचा म्हणतात. — नाय, उठू नका. त्यांनी तुमच्या खांद्यावर टाकायच्या आधी सात फॉर्मचं सांगून झालं पाहिजे. तुम्ही बसा इथंच. वर मी जातो.