भाग दुसरा, शिंपल्यांशिवाय

नाही, नाही, तसं नसतं ते — थांब, आधी निखाऱ्याला वारा घालू दे — हां. गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला, हे तुला सांगितलं कुणी? छातीवर छापून फिरतोस म्हणून चांगला? टी-शर्ट फुकट मिळाला असेल. विकत घेतलास? मग बोलणंच खुंटलं. बस त्या स्टुलावर. काय टाकू? एक प्लेट क्वे टिओ, तांदळाच्या रुंद शेवया खरपूस परतून, बदकाचं अंडं घालून, आणि — शिंपल्या नकोत? पेनांगात जन्म घेऊन शिंपल्यांशिवाय क्वे टिओ? या अख्ख्या बाजारात असं खाणारं मला एकच माणूस माहीत आहे, आणि त्या माणसाचं नाव मी या कढईसमोर घेत नाही. बरं बाबा, नको तर नको. खाणारा तू आहेस.

हो, मीच तो. 'राखेचं बंदर', भाग पहिला, धक्क्यावर कोळशाच्या शेगडीशी उभा असलेला म्हातारा — चेहरा माझा, बनियन माझं, आवाजही माझाच. हे कान बघ, म्हणजे पटेल तुला. फोटो नको काढू, घामानं निथळतोय मी. पण एक सांगून ठेवतो, मी त्यात आहे म्हणून पहिल्याची बाजू घेतोय असं समजू नकोस. मी अगदी तटस्थपणे बोलतोय. खेळ कसा आहे, गोष्ट कशी आहे, तेवढंच.

पहिल्यात काय होतं? गोष्ट होती. चुआन हरवलेल्या भावाला शोधायला धक्क्यावर उतरतो — त्याचं नाव आधी कमाल ठेवलं होतं, माहितीये? मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की कमाल माझ्याकडे जेवणार आणि माझ्या कढईत तर डुकराची चरबी. रातोरात बारसं केलं पोराचं — तर उतरतो, खिशात मोजक्याच गोळ्या. म्हणजे बंदूक उचलायच्या आधी माणूस विचार करतो, की याला मारायलाच हवं, की बाजूनं निसटता येईल. आणि ज्याला मारलं त्याला नाव असायचं. तो दारावरचा जाड्या, लिम — मेल्यावर त्याच्या खिशातून लेकीसाठी घेतलेली केसांची पिन निघते — आठवतं? मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि चुआनला गोळी लागली की काय करायचं? धावत माझ्याकडे यायचं. बसायचं, खायचं, प्लेट संपेस्तोवर उठायचं नाही. बाहेर गुंड शोधत फिरतायत आणि तू इथं कोळंबी चावतोयस — जीव टांगणीला — तेव्हा कुठं अंगात रक्त भरायचं. आणि मी ओरडायचो — नाही, म्हणून दाखवणार नाही. सगळे तेच सांगतात, अंकल, म्हणून दाखवा. बरं, एकदाच. 'आधी खा. मरायचंय ते नंतर.' झालं समाधान?

ते वाक्य आमच्या घरच्या कपाटात रेकॉर्ड केलंय. हसू नकोस, खरंच. पोरीनं मला कपाटात बसवलं, तिच्या आईचे झगे अजून तिथंच आहेत, त्यांच्यामध्ये, वरून ब्लँकेट — म्हणे बाबा, रस्त्याचा आवाज यायला नको, आणि जरा हळू बोला. आता ज्याचा जन्म शेगडीपुढं गेला त्याला हळू बोलणं कुठून जमणार? ओरडलोच. ती हसून हसून जमिनीवर बसली. मग तेच ठेवलं. पोरगी म्हणजे — हां, माझीच. हुई शान. गोष्ट तीच लिहिते, दोन्ही भागांची. बायान लेपासला ऑफिस आहे, काचेचं, थंडगार. पण तो विषय नाही. विषय काय चाललाय? भाग दुसरा.

तर दुसऱ्यात काय आहे? पाऊस छान आहे, मान्य. डबक्यात दिवे दिसतात, चुआनच्या मानेवरचा घामसुद्धा दिसतो. बंदुका तर इतक्या, की हा एवढं ओझं घेऊन पळतो कसा ते त्यालाच ठाऊक. आणि गोळी लागली तर? भिंतीआड बसायचं. बस्स. चार श्वास घेतले की गडी ठणठणीत. ना प्लेट, ना कोळंबी, ना म्हातारा. अरे, भिंतीला टेकून दुखणी बरी होत असती तर माझी पाठ केव्हाच बरी झाली असती. याला काय गोष्ट म्हणायची?

दीपगृह? कुठलं — हां, दीपगृह. पाहिलं की. उंच आहे. चांगलं आहे, पण — कुठली बोट? बोट जळते? बरोबर, जळते, जळायचीच. कोण तिच्यावर? नाही, म्हणजे तिथं मी जरा घाईत होतो. कुठवर खेळलोय? हे बघ, आता मी अंडं फोडतोय, अंडं फोडताना माझ्याशी कुणी बोलत नाही.

— सुरुवात. सुरुवातीपर्यंत खेळलोय. पुरे असते सुरुवात. तेल खवट झालंय हे वासावरून कळतं, त्यासाठी डबा प्यावा लागत नाही.

तू पाहिली आहेस ना सुरुवात? चुआन घरात येतो, दिवा लावतो, आणि भिंतीवर कोण? मी. काळ्या चौकटीत. पुढं उदबत्त्या, संत्री, भाताची वाटी. फोटोही कुठला, तर ओळखपत्रावरचा, ज्यात मी चोरासारखा दिसतो. अरे, जिवंत बापाच्या फोटोपुढं उदबत्ती? शत्रू तरी करतो का असं? आणि ते कुणासमोर — पहिल्याच दिवशी पोरीनं गेमचं मशीन घरी आणलेलं, माझी थोरली बहीण, तिच्या सुना, खालचा कॉफीवाला, सगळी जमलेली — मी नवा शर्ट घातला होता. नवा. आणि पडद्यावर मी मेलेला. बहिणीनं लाकडी टेबल ठोकलं, थू थू केलं, सुनांना म्हणाली चला, इथं थांबायचं नाही. मी वायर उपटली. पोरगी म्हणत होती, बाबा, शेवटपर्यंत खेळा, एवढंच करा, शेवटपर्यंत. मी म्हटलं, माझा शेवट तर तू सुरुवातीलाच करून टाकलास. आता खरा फोटो भिंतीवर लागेल तेव्हाच ये. उदबत्ती लावायला.

बोललो खरं. तोंडातून गेलं. वाईट वाटतं का म्हणून काय विचारतोस? वाटतं. पण बोललो तर बोललो.

तिकडं बघू नकोस. अरे, बघू नको म्हणतोय ना. हो, तीच, चष्मेवाली. दर रविवारी येते. माझ्या नाकासमोरच्या टेबलावर बसते आणि चिमबाईच्या गाड्यावरची पेज खाते. पेज. लहानपणी तापात फणफणली तरी पेज तोंडात धरायची नाही. आता एक वाटी घेऊन दुपार काढते — ती पहिल्यापासून तशीच, घास गालात ठेवून बसायची. मी बघत नाही तिच्याकडे. मग मला कसं कळतं? कढईसमोर उभा राहणारा माणूस डोळे काय खिशात ठेवणार?

काय म्हणालास? परत सांग. मेला नाही? मग फोटो? चुआननंच लावला? खोटा? — म्हणजे गुंडांना वाटावं म्हातारा खपला, आणि म्हाताऱ्याचा पिच्छा सोडावा — आणि म्हातारा होता कुठं? दीपगृहात. बरं. मग? थांब, मोड टाकू दे — बोल. चुआनला गोळी लागते. भिंतीआड बसतो. आणि? रक्त भरत नाही. चार श्वास घेतले तरी? दहा घेतले तरी? भरतच नाही. मग वरून कालथ्याचा आवाज येतो. जिना चढून जायचं, बंदूक खाली ठेवायची — ठेवावीच लागते? — आणि बसायचं, आणि खायचं.

हं.

आणि मी काय बोलतो तिथं? माझा आवाज कुठून आणला, मी तर तिच्याशी — काय? 'गोगलगाय'? नीट ऐकलंस? 'झालं का गं गोगलगाय, चल, जेवून घे.' असं? आणि तुम्ही सगळी पोरं इंटरनेटवर भांडताय, की चुआनला गोगलगाय का म्हटलं, हा काहीतरी गुप्त संकेत असणार, तिसऱ्या भागात उलगडेल.

नाही उलगडणार. ते चुआनला म्हटलेलंच नाही. त्या दिवशी कपाटातून बाहेर आलो तेव्हा मला वाटलं रेकॉर्डिंग बंद झालं. भात निवत होता.

नाही, डोळ्यात धूर गेलाय. कोळसा ओला आहे. तरीसुद्धा पहिलाच भाग चांगला, सांगून ठेवतो. दुसऱ्याचा शेवट — असेल बरा. ऐकीव आहे माझं.

ही घे प्लेट. अरे, तुझी नाही, हात कसला पुढं करतोस खायला? त्या टेबलावर ने. ती पेज बाजूला सार आणि ही ठेव. शिंपल्या नाहीत म्हणावं, अंडी दोन आहेत. आणखी काही सांगायचं नाही. कुणी पाठवली विचारलं तर — तर म्हण, आधी खा. बाकीचं नंतर. ओरडून नको. हळू म्हण. आणि तू? तुझी आता सगळ्यांच्या मागून, रांग दिसत नाही का? माझ्या तोंडाकडे काय बघतोस. निवतंय ते. जा.